वल्ह्याचा इतिहास व वल्हविण्याची विद्या

इतिहासाच्या ग्रंथांत आरमाराचें प्रकरण आलें कीं शिडें, तोफा, जलदुर्ग आणि सरदार यांचीच गर्दी होते. कोणत्या जहाजास किती डोलकाठ्या होत्या, कोणत्या सरखेलानें कोणाशीं तह केला, हें सर्व आम्ही विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षें सांगत आलों आहों. परंतु वारा पडल्यावर तीं जहाजें पुढें कशीं जात, हें कोणी विचारीत नाहीं आणि कोणी सांगतहि नाहीं. वारा पडला म्हणजे शीड हें काठीवर लोंबणारें कापड होतें. अशा वेळीं साऱ्या राज्याचा समुद्रावरील अंमल वल्हें धरणाऱ्या हातांवर येऊन ठेपतो. त्या हातांना कोणती विद्या येत होती, ती साध्य होण्यास काय लागतें, आणि ज्यांना ती साधली होती ते लोक कोण असले पाहिजेत, हा प्रश्न आम्हांस इतिहासाचाच वाटतो.

हा विषय जामनेरास बसून लिहावा याची कित्येकांस मौज वाटेल. खानदेशच्या वाट्यास समुद्र आलेला नाहीं. तापी मोठी खरी, पण तिच्या पात्रांतून गलबतें कधीं वर आलीं नाहींत. आणि जामनेरची कांग पावसाळा सरला कीं आटत जाते. निमित्त घडलें तें असें कीं, आमच्या भागांतील दोन तरुण नोकरीसाठीं परदेशीं गेले, तेथें ड्रॅगन-नौकेच्या संघांत दाखल झाले, आणि नवख्यानें प्रथम काय शिकावें तें त्यांनीं पत्रानें विचारलें. आम्हीं विद्यार्थिदशेंत पुण्यास मुळा-मुठेच्या पात्रांत दोन वर्षें वल्हें धरलें होतें, हें त्यांच्या कानावर गेलें असावें. त्यांना उत्तर लिहितां लिहितां पत्राचा निबंध झाला.

शिवाय जामनेर वाटतें तितकें या विषयापासून दूर नाहीं. अजिंठ्याच्या लेण्यांपुढून वाहणारा वाघोरा पुढें वाघूर होऊन याच तालुक्यांतून तापीकडे जातो. त्या लेण्यांपैकीं दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एक जहाज रंगविलेलें आहे. पूर्ण नांवाच्या भिक्षूच्या कथेंतील तो प्रसंग. आणि हा पूर्ण कोठला, तर शूर्पारकचा, म्हणजे आपल्या सोपाऱ्याचा. जहाजास तीन डोलकाठ्या आहेत, पिछाडीस सुकाणूचें काम देणारीं लांब वल्हीं बाजूंना टांगलीं आहेत, आणि नाळेवर चक्क डोळा काढलेला आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या एका चित्रांत राजाची विहारनौका आहे. तिलाहि डोळे आहेत, आणि तिच्यांत वल्हेकरी व सुकाणू धरणारा हे निरनिराळे दाखविले आहेत. ज्या चित्रकारांनीं तीं चित्रें काढलीं त्यांनीं बंदरें पाहिलेलीं होतीं, किंवा बंदरें पाहिलेल्यांकडून तीं ऐकलीं होतीं, यांत आम्हांस संशय नाहीं.

भाषेनेंहि हा भेद जपून ठेवला आहे. ऋग्वेदांत अश्विनांनीं भुज्यूला समुद्रांतून सोडविलें त्या कथेंतील नाव 'शतारित्रा' आहे, म्हणजे शंभर वल्ह्यांची. अमरकोशांत मात्र अरित्र व केनिपातक हे शब्द सुकाणूच्या वल्ह्यास आहेत आणि नाव हाकणाऱ्या वल्ह्यास क्षेपणी हा वेगळा शब्द आहे. मराठींत आम्ही सगळ्यांनाच वल्हें म्हणतों, आणि त्यामुळें एक घोटाळा होतो तो आधीं काढून टाकला पाहिजे. वल्हीं दोन जातींचीं असतात. एक जात नावेच्या काठावरील खुंटीस किंवा कडीस अडकविलेली. ती ओढणारा माणूस नाळेकडे पाठ करून बसतो आणि खुंटीच्या आधारावर तरफेसारखें वल्हें फिरवितो. दुसरी जात मोकळ्या वल्ह्याची. त्याला नावेचा आधार नाहीं, तें सर्वस्वीं दोन हातांत असतें, आणि तें मारणारा माणूस जिकडे जावयाचें तिकडे तोंड करून बसतो. ड्रॅगन-नौकेचें वल्हें या दुसऱ्या जातीचें आहे. आम्ही मुळा-मुठेवर ओढीत होतों तें पहिल्या जातीचें. तरी तालाचा नियम दोन्हींस एकच लागू पडतो.

नाळेवरचा डोळा आम्हीं उगीच सांगितला नाहीं. चीन देशांत शर्यतीपूर्वीं ड्रॅगन-नौकेच्या मुखावरील डोळ्यांत रंगाचा ठिपका देऊन तिला जागी करण्याचा विधि आहे. त्यावांचून ती नौका निजलेली समजतात. आपल्याकडे मूर्तीचे डोळे उघडण्याचा संस्कार होतो त्याची येथें कोणासहि आठवण होईल. चिनी पंचांगाच्या पांचव्या महिन्याच्या पांचव्या दिवशीं या शर्यती होतात. परंपरा अशी कीं, चू राज्याचा अमात्य आणि कवि छ्यू युआन यानें इ. स. पूर्वीं २७८ च्या सुमारास राज्याचा नाश पाहून मीलुओ नदींत देह टाकला. गांवकरी होड्या घेऊन त्याला शोधावयास धांवले, आणि माशांनीं त्याच्या देहास शिवूं नये म्हणून त्यांनीं पाण्यांत भात टाकला. पंडितांचें मत असें कीं नौकांचा उत्सव या कवीहूनहि जुना आहे आणि पाऊस व पाणी यांच्या देवतेशीं त्याचा संबंध आहे. कथा खरी असो वा मागाहून जोडलेली असो, एका कवीला वांचविण्यासाठीं वल्हीं उचललीं गेलीं अशी समजूत ज्या खेळाच्या मुळाशीं आहे, त्या खेळाविषयीं मासिकाच्या वाचकांस आपुलकी वाटावी. १९७६ मध्यें हाँगकाँगला परदेशी संघांस बोलावून शर्यत झाली, १९९१ मध्यें आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली, आणि २०१० च्या ग्वांगझौ येथील आशियाई सामन्यांत हा खेळ घेण्यांत आला.

मोठी नौका अशी असते: दहा बाकें, प्रत्येकावर दोघे, म्हणजे २० वल्हेकरी, नाळेशीं ढोलवाला, पिछाडीस लांब वल्ह्यानें दिशा राखणारा. वल्हें सुमारें चार फूट लांबीचें, एका टोकास आडवी मूठ, दुसऱ्या टोकास वितीहून थोडें अरुंद पातें. नाव व माणसें मिळून दीड टनाहून अधिक वजन होतें. एवढें ओझें ५०० मीटर न्यावयास चांगल्या संघास दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. हें केवळ दंडाच्या जोरानें होत असेल असें समजून नवखा माणूस बाकावर बसतो, आणि पहिल्या पांच मिनिटांत त्याचे दंड भरून येतात. येथून विद्येस आरंभ होतो.

बसावें तें बाकाच्या बाहेरच्या कडेस, मांडी नावेच्या काठास टेकलेली. बाहेरच्या बाजूचा पाय पुढें रोंवलेला असावा. कारण हातानें जें ओढावयाचें तें अखेर पायानेंच नावेस पोंचतें. पाय सुटा असला तर माणूस बाकावर सरकतो आणि नाव जागच्या जागीं राहते. वरच्या हातानें आडवी मूठ मुठींत घ्यावी, खालच्या हातानें दांडा पात्याच्या थोडा वर धरावा, आणि दोन्ही हात नावेच्या काठाबाहेर, पाण्यावर आणावेत. असें केलें तरच वल्हें उभें राहतें. हात आंत राहिले कीं वल्हें तिरपें पडतें, आणि तिरप्या वल्ह्याचा पुष्कळ जोर नावेला बाजूस ढकलण्यांत जातो. बाहेर वांकण्याची नवख्यास भीति वाटते. मांडी व पाय घट्ट असले म्हणजे ती जाते.

आतां मुख्य गोष्ट. हात लांब करून पुढें वांकणें म्हणजे पोंच वाढविणें, असें सर्वांस वाटतें. खरी पोंच कमरेंतून येते. बाहेरचा खांदा पुढें जावा, आंतला मागें जावा, छाती शेजाऱ्याकडे वळावी. दळतांना जात्याच्या खुंट्याबरोबर बाईचें सारें अंग फिरतें, तशी ही फिरकी आहे. मग पातें पाण्यांत घालावयाचें. तें आपटावयाचें नाहीं. सुरी खरबुजांत जावी तसें सरळ आंत जाऊं द्यावें, आणि पातें पुरतें बुडाल्याशिवाय ओढूं नये. नवख्यांपैकीं बहुतेक सर्व येथेंच चुकतात. पातें अर्धें बुडालें असतां ते ओढूं लागतात, पाणी उडतें, मोठा आवाज होतो, तीरावरच्यांस पराक्रम दिसतो, आणि नावेस त्याचा कांहीं उपयोग होत नाहीं. पातें बुडल्यावर फिरविलेली कंबर सोडावी, वरच्या हातावर अंगाचा भार द्यावा. मनांत असें धरावें कीं वल्हें पाण्यांत पुरलेला खांब आहे आणि आपण नावेला त्या खांबापाशीं ओढून घेत आहों. पाणी मागें लोटावयाचें आहे अशी कल्पना केली कीं दंड वापरले जातात. नाव पुढें आणावयाची आहे अशी केली कीं पाठ व पाय कामास येतात. एका कल्पनेच्या फरकानें शरीराचा उपयोग बदलतो, हें आम्हांस या साऱ्या प्रकरणांतील सर्वांत मनोरंजक सत्य वाटतें.

पातें मांडीच्या मध्यापलीकडे, फार तर कमरेपर्यंत आलें कीं ओढणें संपलें. त्याच्या मागें गेलेलें पातें पाणी वर उचलतें, आणि पाणी उचललें कीं नाव खालीं दबते. म्हणून तेथें वल्हें चटकन् बाजूनें वर काढावें आणि पाण्यालगत पुढें न्यावें. या पुढें नेण्याच्या क्षणीं सर्वांग सैल सोडावें, श्वास घ्यावा. नाव आपल्या वेगानें सरकत असते, तिला सरकूं द्यावी. जो या क्षणीं घाई करतो त्याचें धड पुढें झेपावतें आणि नाव तितकीच मागें रेटली जाते. मिनिटास साठ ते ऐंशी वेळां हें सारें व्हावयाचें आहे. तेव्हां विसाव्याचा क्षण निमिषाचाच असतो, पण तो असला पाहिजे.

असो. एकट्याची विद्या येथें संपली, आणि ती एकट्यानें कितीहि घोटली तरी पुरेशी नाहीं. वीस वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत गेलीं तर नावेस वीस जणांचें बळ मिळतें. एक वल्हें उशिरा पडलें तर नाव त्याच्या आधींच सरकलेली असते, आणि तें पातें ओढण्याऐवजीं अडकण बनतें. म्हणून संघांतला अत्यंत बळकट पण बेताल गडी हा संघाचें मोठें ओझें होय. आमच्या खानदेशांतील शेतकऱ्यास हें समजावून सांगावें लागत नाहीं. एक बैल तडफेचा आणि दुसरा सावकाशीचा अशी जोडी औताला जुंपल्यास काय होतें तें त्यास ठाऊक आहे. ताल कोण देतो? पाहणाऱ्यास वाटतें, ढोलवाला. वस्तुतः ढोलवाला पहिल्या बाकावरच्या दोघांकडे पाहून ढोल वाजवितो. ताल त्या दोघांच्या वल्ह्यांचा. मागल्यांनीं आपल्या पात्याकडे न पाहतां तिरप्या नजरेनें पुढच्यांच्या वल्ह्यांकडे पहावयाचें. ऐकून वल्हें मारणाऱ्या शेवटल्या बाकास आवाज पोंचेपर्यंत किंचित् उशीर होतो. पाहणाऱ्यास होत नाहीं.

केरळांतील चुंडन वळ्ळम् या सर्पाकृति नौकांवर शंभराच्या आसपास माणसें असतात. तेथें हा मेळ नौकागीतांनीं राखला जातो. १९५२ पासून आलप्पुळा येथें होणाऱ्या त्यांच्या शर्यतीचें नांव सर्वांस ठाऊक आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. वल्हेकरी म्हटला कीं सांखळदंडांत जखडलेला गुलाम आणि त्याच्या पाठीवर उगारलेला चाबूक असें चित्र डोळ्यांपुढें येतें. तें सर्व काळीं खरें नाहीं. इ. स. पूर्वीं ४८० मध्यें सालामिसच्या सामुद्रधुनींत अथेन्सच्या ज्या त्रिस्तर नौकांनीं इराणी आरमार मोडलें त्यांत प्रत्येकीवर १७० वल्हेकरी होते आणि एकेका वल्ह्यास एकेक माणूस होता. ते बहुतांशीं स्वतंत्र लोक होते, गरीब नागरिक व नगरांत राहणारे परके. त्या लोकसत्तेच्या एका निनांवी शत्रूनें लिहून ठेविलें आहे कीं, नगरास बळ देणारे हे नावा हाकणारेच असल्यामुळें सत्तेंत त्यांचा वाटा असणें रास्तच म्हणावें लागतें. शत्रूच्या लेखणींतून आलेली ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते.

मग चाबूक केव्हां आला? सोळाव्या शतकांत भूमध्य समुद्रावरील गॅलींची रचना बदलली. पूर्वीं एका बाकावर तिघे बसत आणि प्रत्येकाचें वल्हें वेगळें असे. पुढें बाकास एकच प्रचंड वल्हें आलें आणि तें चारपांच जण मिळून ओढूं लागले. या रचनेंत वल्ह्यामागें एक जाणता माणूस पुरे; बाकीचे त्याच्याबरोबर ओढले जातात. विद्येची गरज संपली तशी त्या बाकांवर कैद्यांची व गुलामांची भरती वाढत गेली, आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या काळीं तर धर्ममताच्या अपराधासाठीं माणसें गॅलींवर पाठविलीं जात. म्हणजे वल्हेकऱ्याचा दर्जा वल्ह्याच्या रचनेवर अवलंबून राहिला. चाबकानें जोर काढून घेतां येतो, पण सर्वांनीं एकाच क्षणीं पातें बुडविण्याची जाण चाबकानें उत्पन्न होत नाहीं. ज्या नावेस ती जाण हवी असे तिला राजीखुशीचे लोक लागत.

याच कसोटीवर आमच्या आरमाराचा एक विसरलेला भाग पहावा. शिवाजीमहाराजांनीं १६५७ नंतर कल्याण-भिवंडीकडे आरमाराचा पाया घातला. कान्होजी आंग्रे १७२९ मध्यें वारले तोंवर कोंकणकिनाऱ्यावर त्यांचा दरारा बसला होता. १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गास तुळाजीचें आरमार जळालें. हें सर्व पाठ्यपुस्तकांत आहे. रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकारानें आंग्र्यांच्या गलबतांचें जें वर्णन दिलें आहे तें मात्र सहसा कोणी लक्षपूर्वक वाचीत नाहीं. गलबत फार तर ७० टनांचें, त्यास दोन डोलकाठ्या, आणि ४० ते ५० भक्कम वल्हीं. वल्ह्यांवर त्याचा वेग ताशीं चार मैल. वारा असला तर सर्व आरमार शिडांवर जाई; वारा पडला म्हणजे हीं गलबतें मोठ्या गुराबांना दोर बांधून शत्रूच्या जहाजाकडे ओढून नेत आणि त्याच्या पिछाडीस आणून उभीं करीत. तेथून गुराबा नाळेवरच्या तोफा डोलकाठ्यांवर डागीत. युरोपीय जहाज निर्वात समुद्रांत निश्चल पडलेलें, त्याच्या तोफा दोन्ही बाजूंना, आणि शत्रु मागून येत आहे!

ताशीं चार मैल ही चालत्या माणसाची गति. वाचकांस ती क्षुल्लक वाटेल. परंतु तीनशें टनांपर्यंतची गुराब दोरानें ओढावयाची म्हणजे काय, याचा विचार ज्यानें एकदां वल्हें धरलें आहे त्यानें करावा. पन्नास वल्हीं मागेंपुढें पडूं लागलीं तर दोर एकदां सैल पडतो, एकदां ताणतो, आणि प्रत्येक हिसक्यास गलबत थबकतें. भरलेल्या गलबतावर, तोफांच्या माऱ्याखालीं हा ताल न मोडणारे लोक आयत्या वेळीं गांवांतून धरून आणलेले असूं शकत नाहींत, असा आमचा तर्क आहे. कोळी, भंडारी, खारवी, गाबीत अशा दर्यावर्दी जातींनीं आमचें आरमार चालविलें हें सर्वमान्य आहे. लहानपणापासून बाप व चुलते यांच्याबरोबर एका होडींत बसून जो ताल अंगांत मुरतो, तोच पुढें सरखेलाच्या कामीं आला. इनामें व सनदा तांडेलाच्या वरच्या लोकांस मिळाल्या. पन्नास वल्ह्यांमागच्या पन्नास नांवांकरितां आमच्या इतिहासग्रंथांत एक ओळहि नाहीं. अथेन्सच्या शत्रूनें जें लिहिलें तें लिहिणारा येथें कोणी निघाला नाहीं, मित्रहि नाहीं.

ती विद्या आज अगदींच नष्ट झाली आहे असें नाहीं. सांगलीस कृष्णेच्या पात्रांत होड्यांच्या शर्यती होतात आणि गांवोगांवचे लोक घाटावर जमतात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा नौकाविहाराचा उत्सव १९२८ पासूनचा आहे. आणि पाणी नसलेल्या मुलुखांत वल्हेकरी होत नाहींत असें म्हणणाऱ्यांस आम्ही दत्तू भोकनळ यांचें उदाहरण देऊं. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड हा आमच्यासारखाच कोरडा तालुका. तेथला हा शेतकऱ्याचा मुलगा सैन्यांत गेल्यावर वल्हें धरावयास शिकला आणि २०१६ मध्यें रिओच्या ऑलिंपिकांत एकट्याच्या नौकेंत तेरावा आला. परस्परांशीं युद्धाच्या स्थितींत असलेल्या उत्तर व दक्षिण कोरियांतील स्त्रियांनीं २०१८ च्या आशियाई सामन्यांत एकाच ड्रॅगन-नौकेंत बसून ५०० मीटरांचें सुवर्णपदक मिळविलें. एकत्र सराव करावयास त्यांना फार थोडे आठवडे मिळाले होते. दोन्ही राज्यांचे मुत्सद्दी ज्या कामीं सत्तर वर्षें खपले, तें निदान नावेपुरतें त्या स्त्रियांस साधलें.

आमच्या दोन तरुणांस आम्हीं जें कळविलें तें असें. पहिल्या आठवड्यांत वेगाचें नांव काढूं नये. अर्ध्या जोरानें, चारचार जणांनीं वल्हें मारावें, आणि बाकीच्यांनीं वल्हीं आडवीं ठेवून नाव स्थिर राखावी. खांदा दुखला तर दंडानें ओढलें असें समजावें. कमरेची बाजू व पाठ दुखली तर शिकणें चालू आहे. शेजाऱ्याशीं बोलणें नाहीं, पात्याकडे पाहणें नाहीं. मग एके दिवशीं सुकाणू धरणाऱ्यास सांगून दहा फटके सर्वांनीं डोळे मिटून मारून पहावेत, आणि पातीं पाण्यांत जातांना किती आवाज होतात ते मोजावेत. पहिल्या दिवशीं ते पाऊस पत्र्यावर पडावा तसे येतील. ते तीनचारांवर आले कीं ढोल नावेंत घ्यावा.